देव आजही बोलतो का? भविष्यवाणीच्या दानावरून ख्रिस्ती लोकांत एवढा वाद का आहे

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात आता एकाच ख्रिस्ती घरात तीन तऱ्हेची माणसं सापडतात, म्हणजे सासूबाई जुन्या मेथडिस्ट चर्चच्या, सून पवित्र आत्मा आजही बोलतो असं मानणाऱ्या पेंटेकॉस्टल फेलोशिपमधून आलेली, मुलगा मोबाईलवर चेन्नई-हैदराबादच्या प्रचारकांची लाईव्ह प्रार्थना लावून बसलेला, आणि शेजारी खानापूरकडचं कॅथलिक कुटुंब. अशा घरात कधी ना कधी एक वाक्य कानावर पडतंच, "काल मीटिंगमध्ये माझ्यासाठी वर्ड आला", म्हणजे देवाकडून निरोप आला, आणि मग सुरू. एकजण म्हणतो पवित्र आत्मा आजही बोलतो, दुसरा म्हणतो ते सगळं प्रेषितांच्या, म्हणजे येशूने स्वतः पाठवलेल्या पहिल्या पुढाऱ्यांच्या, काळात संपलं, आता बायबल आहे की हातात, अजून काय पाहिजे. दोघंही देवाला मानणारे, दोघंही तेच पवित्र शास्त्र उघडून वचनं दाखवणारे. हा वाद मी नुसत्या हौसेने वाचलेला नाही, माझ्या माहेरी त्याची किंमत मोजलीय, ते पुढे सांगते.

आधी एक गैरसमज बाजूला काढूया. देव प्रार्थना ऐकतो का, आजाऱ्याला बरं करतो का, माणसाला वाट दाखवतो का, यावर भांडण नाहीच. जे म्हणतात भविष्यवाणीचं दान, म्हणजे पवित्र आत्म्याची ती देणगी, बंद झालं तेसुद्धा पोराच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री गुडघे टेकतात. भांडण एका ठराविक गोष्टीवर आहे. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, बाराव्या अध्यायात, पवित्र आत्मा देतो त्या दानांची यादी आहे, त्यात रोग बरे करणं आहे, अन्यभाषा म्हणजे न शिकलेल्या भाषेत आत्म्याने बोलणं आहे आणि भविष्यवाणीही आहे. भविष्यवाणी म्हणजे नुसतं उद्या काय होणार ते सांगणं असं आपण धरून चालतो, खरं पौल चौदाव्या अध्यायात सांगतो की हे बोलणं लोकांची उभारणी करायला, त्यांना धीर द्यायला, त्यांचं सांत्वन करायला असतं. म्हणजे देवाने आत्ता, ह्या माणसासाठी किंवा ह्या मंडळीसाठी काही मनात घातलं आणि ते एखाद्याने आपल्या तोंडाने सांगितलं, तर ती भविष्यवाणी. हे दान आज चालू आहे का, आणि चालू असेल तर त्या बोलण्याला वजन किती द्यायचं, एवढाच प्रश्न. थांबलं म्हणणाऱ्यांना सेसेशनिस्ट म्हणतात, चालू आहे म्हणणाऱ्यांना कंटिन्युएशनिस्ट, मी मात्र पुढे सरळ थांबलं म्हणणारे आणि चालू म्हणणारे असंच लिहिते.

सगळ्यात जास्त ओढाताण होते १ करिंथ १३ वर, तोच प्रीतीचा अध्याय जो प्रत्येक लग्नात वाचतात. तिथे पौल म्हणतो भविष्यवाणी, भाषा, ज्ञान हे सगळं एक दिवस उरणार नाही, कारण आत्ता आपल्याला अर्धवट कळतं, आणि जे पूर्ण आहे ते आलं की अर्धवट निघून जाईल. हे "पूर्ण" म्हणजे काय? थांबलं म्हणणाऱ्यांपैकी काहीजण सांगतात की नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून पुढचा भाग, लिहून पुरा झाला तेच ते पूर्ण. मला हे पटत नाही, आणि का ते सांगते. पौल लगेच पुढे म्हणतो की तेव्हा आपण समोरासमोर पाहू, देवाने मला जसं ओळखलंय तसं मी ओळखीन. हे तर ख्रिस्त परत येईल तेव्हाचं वर्णन झालं, आणि करिंथच्या ज्या माणसांनी हे पत्र पहिल्यांदा ऐकलं त्यांच्यापुढे नव्या कराराच्या सत्तावीस पुस्तकांचा संग्रह ही कल्पनाच नव्हती तर त्यांना तो अर्थ कसा लागणार. दान थांबलं असं मानणारे मोठे अभ्यासक रिचर्ड गॅफिन, ज्यांचं १९७९ चं पुस्तक अजून ह्या वादात काढलं जातं, तेसुद्धा कबूल करतात की ह्या अध्यायावरून दान कधी थांबलं ते ठरवता येत नाही. तरीपण आपल्याकडे बायबल स्टडीत हेच वचन पहिलं फेकलं जातं.

थांबलं म्हणणाऱ्यांचं खरं भक्कम वचन दुसरंच आहे, इफिस २:२०. तिथे पौल म्हणतो मंडळी प्रेषित आणि संदेष्टे (भविष्यवाणी सांगणारे) ह्या पायावर बांधलेली आहे आणि कोनशिला स्वतः ख्रिस्त. पाया एकदाच घालतात. प्रेषित आज नाहीत हे बहुतेक सगळेच मानतात, आणि प्रेषितांच्या बरोबरीने जर संदेष्टेही पायात असतील तर त्यांचंही काम पायाबरोबर संपलं, वरच्या मजल्यावर कुणी परत पाया घालत नाही. ह्याला चालू म्हणणाऱ्यांचं एक प्रसिद्ध उत्तर आहे अमेरिकन अभ्यासक वेन ग्रुडेम ह्यांचं, ते म्हणतात इथे प्रेषित आणि संदेष्टे ही दोन वेगळी माणसं नाहीत, जे प्रेषित तेच संदेष्टे. मला हे उत्तर ओढूनताणून वाटतं, कारण त्याच पत्रात ४:११ ला पौल दोघांना वेगवेगळं मोजतो.

खरं चालू म्हणणाऱ्यांकडे ह्यापेक्षा चांगलं उत्तर आहे आणि ते फिलिप्पाच्या मुलींमध्ये आहे. प्रेषितांची कृत्ये २१:९ मध्ये एका ओळीत येतं की कैसरियात राहणाऱ्या फिलिप्पाला चार अविवाहित मुली होत्या आणि त्या भविष्यवाणी करत असत. बस, एवढंच. त्या काय बोलल्या त्यातला एक शब्दही बायबलमध्ये नाही. करिंथच्या मंडळीतही दर सभेत दोघं-तिघं बोलत होते, त्यातलंही काही लिहून ठेवलेलं नाही. मग प्रश्न असा पडतो की ह्या चार मुलींचं बोलणं सगळ्या जगाच्या मंडळीचा पाया होतं का? नसेल, तर त्या काळातसुद्धा अशी एक भविष्यवाणी चालू होती जी शास्त्र बनण्यासाठी नव्हतीच, त्या त्या गावच्या माणसांना धीर देण्यासाठी होती. आणि तसली भविष्यवाणी आजही असली तर बायबलला कुठे धक्का लागतो? माझं स्वतःचं मत इथेच झुकलं. मला ह्या चौघी फार जवळच्या वाटतात, एक ओळ मिळाली त्यांना आणि तीसुद्धा दोन हजार वर्षं ह्या वादात उभी आहे.

आता अगब. हा संदेष्टा कृत्यांत दोनदा येतो. पहिल्यांदा, ११:२८ ला, तो सांगतो मोठा दुष्काळ पडणार, आणि रोमच्या क्लौद्य बादशहाच्या काळात तो पडतो. मंडळी काय करते बघा, घाबरून उपवास जाहीर करत बसत नाही, यहूदियातल्या भावांना मदत म्हणून पैसे गोळा करून पाठवते. दुसऱ्यांदा, २१:११ ला, तो पौलाचा कमरपट्टा घेतो, स्वतःचे हातपाय बांधतो आणि सांगतो, पवित्र आत्मा म्हणतो, ज्याचा हा पट्टा आहे त्याला यरुशलेमेतले यहूदी असंच बांधून परराष्ट्रीयांच्या हाती देतील. पुढे काय होतं? पौलाला मारहाण होते, यहूदी त्याला ठार मारायला निघालेले असतात, रोमी सरदार धावत येऊन त्याला त्यांच्या हातातून सोडवतो आणि बेड्या घालतो तोच रोमी सरदार. ग्रुडेम म्हणतात, बघा, मुख्य गोष्ट बरोबर निघाली, पौल कैदेत गेला, पण बारीकसारीक तपशील चुकला, बांधलं रोमी लोकांनी आणि यहूद्यांनी त्याला स्वखुशीने कुणाच्या हाती दिलंच नाही. म्हणून नव्या करारातली साधी भविष्यवाणी चुकू शकते, ती पारखून घ्यायची असते. थांबलं म्हणणारे म्हणतात, अगबाला चुकलेला म्हणायच्या आधी २८:१७ वाचा, तिथे पौल स्वतःच सांगतो की मला यरुशलेमेतून रोमी लोकांच्या हाती देण्यात आलं. म्हणजे पौलाला त्यात चूक दिसली नाही. दोन्ही बाजूंच्या विद्वानांनी ह्या एका कमरपट्ट्यावर पानंच्या पानं लिहिलीत आणि त्याचं कारण आहे, सगळा वाद शेवटी ह्याच एका प्रश्नावर येऊन बसतो की देवाकडून आलेलं म्हणून सांगितलेलं बोलणं चुकू शकतं का.

कारण जुन्या करारात नियम कडक होता. अनुवाद १८ मध्ये लिहिलंय की देवाने सांगितलं नसताना देवाच्या नावाने बोलणाऱ्या संदेष्ट्याला मरणाची शिक्षा, आणि त्याचं बोलणं खरं झालं नाही तर समजा ते देवाचं नव्हतं. यशया, यिर्मया बोलत तेव्हा "ह्यातलं अर्धं घ्या, अर्धं सोडा" असा प्रकार नव्हता. पण पौल १ करिंथ १४:२९ ला म्हणतो, दोघा-तिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी त्याची पारख करावी. थेस्सलनीकाच्या मंडळीला तो लिहितो, आत्म्याला विझवू नका, भविष्यवाणीला तुच्छ मानू नका, सगळं पारखा, चांगलं ते धरून ठेवा. चालू म्हणणारे सांगतात, जे पारखायचं असतं त्याचा दर्जा आपोआपच खालचा. तहसीलदाराच्या सही-शिक्क्याची ऑर्डर आणि ऑफिसातल्या माणसाने येऊन दिलेला तोंडी निरोप ह्यात जो फरक तोच फरक, निरोप खराही असेल, कामाचाही असेल, पण त्यावर जमीन कुणी नावावर करून देत नाही. थांबलं म्हणणाऱ्यांचा ह्यावर आक्षेप असा की मग असल्या कच्च्या गोष्टीला भविष्यवाणी म्हणायचंच कशाला, त्याला सल्ला म्हणा, मनात आलेला विचार म्हणा, "देव म्हणतो" हे शब्द लावू नका. ह्या आक्षेपात दम आहे, आणि आपल्याकडच्या मीटिंगा बघितल्या की तो जास्तच पटतो.

इतिहासात हा वाद कसा सरकत गेला ते थोडक्यात. दुसऱ्या शतकात जस्टिन आणि इरेनियस हे ख्रिस्ती लेखक दोघंही लिहितात की भविष्यवाणीचं दान आमच्यात आहे, म्हणजे शेवटचा प्रेषित गेला आणि दुसऱ्या दिवशी सगळं बंद असं काही झालं नाही. दिदाखे नावाचं फार जुनं पुस्तक आहे मंडळीच्या नियमांचं, ते हरवलं होतं आणि १८७३ मध्ये इस्तंबूलमध्ये त्याची प्रत सापडली. त्यात गावोगाव फिरणाऱ्या संदेष्ट्यांसाठी नियम आहेत आणि ते वाचताना असं वाटतं की कुणीतरी आपल्याच भागातल्या कन्व्हेन्शन बघून लिहिलंय: कुणी आत्म्यात येऊन म्हणाला मला पैसे द्या, तर त्याचं ऐकू नका, गरजू लोकांसाठी मागत असेल तर गोष्ट वेगळी. फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज असेल तर दोन, तीन दिवस राहिला तर तो खोटा. गंमत नाही ही, खरंच असं लिहिलंय. खरं त्याच पुस्तकात हेही आहे की आत्म्यात बोलत असताना संदेष्ट्याला तपासू नका, त्याच्या वागण्यावरून त्याला ओळखा.

मग आला स्वतःला संदेष्टा म्हणवणारा मोंटानस, आजच्या तुर्कस्तानातल्या फ्रुगियात, आणि त्याच्याबरोबर प्रिस्किला आणि मॅक्सिमिला ह्या दोन बायका. नवं यरुशलेम आमच्या पेपुझा गावाजवळ उतरणार, असं ते सांगत. मॅक्सिमिला म्हणाली माझ्यानंतर संदेष्टा नाही, सरळ जगाचा शेवट. शेवट काही आला नाही, मंडळीने त्यांना बाहेर काढलं, आणि त्या प्रकरणाने भविष्यवाणी ह्या गोष्टीचंच नाव खराब झालं. चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिसोस्तोम हा नावाजलेला प्रवचनकार १ करिंथ १२ शिकवताना उघड म्हणतो की हा भाग समजायला अवघड आहे कारण तेव्हा घडायच्या त्या गोष्टी आता घडत नाहीत. हिप्पोचा बिशप ऑगस्टीनही आधी चमत्कार थांबले असं म्हणायचा, म्हातारपणी त्याने मत बदललं आणि आपल्या शहरात दोन वर्षांच्या आत नोंदवलेले सत्तरच्या आसपास चमत्कार सांगितले, अर्थात ते बहुतेक आजार बरे झाल्याचे, भविष्यवाणीचे नव्हेत.

युरोपात धर्मसुधारणेच्या वेळी, म्हणजे प्रोटेस्टंट लोक कॅथलिक चर्चपासून वेगळे झाले तेव्हा, लूथरच्या विटेनबर्गमध्ये त्स्विकाउ गावचे "संदेष्टे" आले, १५२१ च्या डिसेंबरात, आणि पुढे १५३४-३५ ला म्युन्स्टर शहरात एकाने इस्टरला जगाचा शेवट सांगितला, त्याच दिवशी तो शहराला पडलेला वेढा फोडायला बाहेर पडला आणि मारला गेला, त्याच्या मागून आलेला तर स्वतःला राजा म्हणवू लागला. एवढं रक्त सांडल्यावर प्रोटेस्टंट मंडळी सावध झाली नसती तरच नवल. १६४६ च्या, इंग्लंडमधल्या प्रोटेस्टंटांनी लिहिलेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय की देवाने आपली इच्छा कळवायच्या त्या पूर्वीच्या रीती आता थांबल्या आहेत. त्याच परंपरेतून पुढे प्रिन्स्टनच्या बी. बी. वॉरफिल्ड ह्यांनी १९१८ मध्ये पक्का सिद्धांत मांडला की ही दानं प्रेषितांचं ओळखपत्र होती, प्रेषित गेले, ओळखपत्राचं काम संपलं.

आपल्या भागाला जवळचा माणूस मात्र जॉन वेस्ली, मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० मध्ये सुरू झालं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मेथडिस्ट मिशनकडे गेलं, म्हणून इथल्या कित्येक मराठी आणि कन्नड घरांत वेस्लीचं नाव आजही आहे. आणि आपल्या मेथडिस्ट लोकांना वाटतं की वेस्ली थांबलं म्हणणाऱ्यांचा, तसं नाही. १७८७ च्या एका प्रवचनात तो स्पष्ट म्हणतो की ही दानं कमी झाली त्याचं कारण आता गरज उरली नव्हती हे नव्हे, ख्रिस्ती लोकांची प्रीती थंड पडली हे कारण. म्हणजे दार त्याने उघडं ठेवलं होतं.

आणि तोच वेस्ली जॉर्ज बेलच्या बाबतीत कसा वागला ते बघा. बेल हा सैन्यातून आलेला मेथडिस्ट, लंडनच्या सभांत ओरडून प्रार्थना करायचा, आपल्याला लोकांच्या आत्म्याची पारख चमत्काराने होते असं समजायचा. तक्रारी आल्या तेव्हा वेस्ली स्वतः गेला, आपण कुणाला दिसणार नाही अशा जागी उभा राहिला आणि जवळजवळ तासभर त्याची प्रार्थना ऐकली. नंतर त्याला भेटून सांगितलं, तुझा आवेश आवडला, पण ओरडणं नाही आवडलं, आत्म्यांची पारख चमत्काराने होते हे समजणं नाही आवडलं, विरोध करणाऱ्यांना दोष देणं नाही आवडलं. पुढे बेलने जाहीर केलं की २८ फेब्रुवारी १७६३ ला जगाचा शेवट. त्या संध्याकाळी वेस्लीने लंडनच्या स्पिटलफील्ड्सला "आपल्या देवाला भेटायला तयार हो" ह्या वचनावर प्रवचन केलं आणि आज रात्री जग संपणार हे किती चुकीचं आहे ते लोकांना समजावलं. तरी कित्येकजण झोपायला घाबरले, काही रात्रभर शेतातून फिरत राहिले, जग नाही तरी निदान लंडन भूकंपात जाईल म्हणून. वेस्ली डायरीत लिहितो, मी नेहमीच्या वेळी अंथरुणात गेलो आणि दहाच्या सुमाराला गाढ झोपलो होतो. मला ह्या माणसाचं हे फार आवडतं. आधी ऐकलं, मग तोंडावर सांगितलं, मग लोकांची भीती काढायला स्वतः उभा राहिला. बेलच्या एका वेडामुळे त्याने सगळं दान खोटं आहे असंही म्हटलं नाही.

आणि आता पंडिता रमाबाई. पेंटेकॉस्टल चळवळ म्हटलं की सगळे लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटचं नाव घेतात, तिथला प्रचारक विल्यम सिमूर, १९०६. त्याच्या आदल्या वर्षी, जून १९०५ मध्ये, पुण्याजवळ केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंच्या मुलींमध्ये जागृती सुरू झाली होती, पश्चात्ताप, रडणं, सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना, आणि पुढे अन्यभाषाही. ह्या मुली म्हणजे दुष्काळातून वाचलेल्या, टाकून दिलेल्या, बालविधवा. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या मिनी अब्राम्स मूळच्या मेथडिस्ट मिशनरी, त्यांनी १९०६ मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं, ते चिलीतल्या मैत्रिणीला पाठवलं, आणि १९०९ मध्ये चिलीच्या मेथडिस्ट मंडळीत पेंटेकॉस्टल जागृती पेटली. म्हणजे ज्याला आपले जुने लोक "अमेरिकेतून आलेलं फॅड" म्हणतात त्याचा एक झरा मराठी बोलणाऱ्या मुलींच्या वसतिगृहातून निघालाय, आणि रमाबाईंचा जन्म तर आजच्या कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानातला. रमाबाईंनी ह्या मुलींना गप्प केलं नाही, आणि अन्यभाषा आली नाही तर आत्मा मिळालाच नाही असा हट्टही धरला नाही.

कॅथलिक लोकांचं ह्यात वेगळं आणि खूप नीटनेटकं आहे, तेवढं सांगून पुढे जाते. त्यांची शिकवण अशी की सगळ्यांसाठीचं प्रकटीकरण ख्रिस्तात आणि प्रेषितांत पुरं झालं, त्यात भर नाही. त्यानंतर कुणाला दर्शन झालं, संदेश मिळाला तर ते खाजगी प्रकटीकरण, चर्च ते तपासतं, मान्यता दिली तरी त्यावर विश्वास ठेवणं कुणाला सक्तीचं नाही. बेळगावच्या कॅम्पातलं कॅथेड्रल फातिमा मातेच्या नावाचं आहे, आणि पोर्तुगालमधल्या फातिमाला १९१७ मध्ये झालेलं मरीयेचं दर्शन ह्याच दुसऱ्या वर्गात येतं.

आता माहेरची गोष्ट. वडगावात मावशीच्या घरी कॉटेज मीटिंग होती, बाहेरगावचे एक प्रचारक आलेले, त्यांचं नाव गाव मी लिहिणार नाही. प्रार्थना संपता संपता त्यांनी मावशीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "देव म्हणतो, माझ्या मुली, आजपासून तुझी सुई बंद." सगळे हालेलूया म्हणाले. मावशीला कित्येक वर्षांची शुगर, फ्रिजच्या दारात अंड्यांच्या कप्प्यापाशी इन्सुलिनचं पेन असायचं. तिने ते पेन तिथेच ठेवलं, टाकलं नाही, पण घेणं बंद केलं, आणि आम्हाला कुणाला सांगितलं नाही कारण सांगणं म्हणजे अविश्वास. आयसीयूत नेलं तेव्हा तोंडाला फळांसारखा गोडसर वास येत होता आणि श्वास धापा टाकल्यासारखा चालला होता, डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं इन्सुलिन कधी थांबवलं. ती वाचली, देवाची कृपा. शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "माझा विश्वास कमी पडला काय गं?" मला राग आला तो ह्या प्रश्नाचा. चूक बोलणाऱ्याची, आणि ओझं तिच्या छातीवर. त्या प्रचारकाला आम्ही फोन केला तेव्हा त्यांनीही तेच सांगितलं, ताईंचा विश्वास डळमळला असेल.

ही एकट्याची गोष्ट नाही. कुणाला वर्ड आला म्हणून ठरलेलं लग्न मोडलंय, कुणी वर्ड आला म्हणून सोनं विकून पैसे दिलेत. आणि हे प्रकार बघून जुन्या चर्चचे लोक म्हणतात, बघा, म्हणूनच आम्ही म्हणतो संपलं.

पण मी दुसरंही बघितलंय. निपाणीत एका घरच्या प्रार्थनेत एक म्हातारी आजी, शाळा फारशी न शिकलेली, प्रार्थना झाल्यावर एका तरुण बाईजवळ जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाळ, माझ्या मनात सारखं येतंय की तुझ्या आईशी तुझं काहीतरी राहिलंय. माझं चुकत असलं तर सोडून दे, बरं का." त्या बाईचं आईशी बोलणं बंद होतं आणि ते तिथे कुणालाच माहीत नव्हतं. तिने त्याच रात्री फोन लावला. आजीने माईक घेतला नाही, देव म्हणतो असं म्हटलं नाही, चुकू शकते हे आधीच सांगून टाकलं. धीर, उभारणी, सांत्वन, चौदाव्या अध्यायात लिहिलंय तसं. दान चालू असेल तर ते असं दिसेल असं मला वाटतं.

ह्यातली महत्त्वाची गोष्ट ही की वडगावच्या त्या मीटिंगमध्ये जे झालं ते दोन्ही बाजूंच्या शिकवणीत बसत नाही. थांबलं म्हणणाऱ्यांच्या दृष्टीने तर ते खोटंच. पण चालू म्हणणाऱ्यांच्या स्वतःच्या नियमानेही ते चूक, कारण बोलणं झाल्यावर पारख कुणी केली? दोघं-तिघं बोलतील आणि बाकीचे पारखतील, ह्या वचनाचा पहिला अर्धा भाग आपल्याकडे जोरात चालतो आणि दुसरा कुणाच्या लक्षातही नसतो. पारखायला उठलं की म्हणतात, अभिषिक्ताला, म्हणजे देवाने निवडलेल्या माणसाला, हात लावू नको. असंच काहीसं दावीद शौल राजाबद्दल बोलला होता आणि त्याचा अर्थ होता मी राजाला ठार मारणार नाही, त्याने शौलाला प्रश्न विचारणं काही सोडलं नव्हतं, डोंगरावरून ओरडून विचारलं होतं की माझा गुन्हा काय.

चालू म्हणणाऱ्या लोकांतूनच हे बोलायला लागलेत हे चांगलं आहे. अमेरिकेत २०२० च्या निवडणुकीत कित्येक नावाजलेल्या "प्रॉफेट" लोकांनी ट्रम्प ती निवडणूक जिंकणार असं देवाच्या नावाने सांगितलं होतं, तसं झालं नाही, काहींनी उघड माफी मागितली, काही हटून बसले. त्यानंतर २०२१ मध्ये तिथल्याच पेंटेकॉस्टल आणि कॅरिस्मॅटिक (इतर चर्चमधले दान चालू मानणारे) पुढाऱ्यांनी मिळून एक निवेदन काढलं, त्यात हेही होतं की ज्याने जाहीर भविष्यवाणी केली आणि ती चुकली त्याने जबाबदारी जाहीरपणेच घ्यावी.

लोक मला विचारतात, मग कुणी येऊन आम्हाला वर्ड दिला तर करायचं काय. मी सांगते ते असं. बायबलच्या उलट असेल तर तिथेच सोडा. औषध, लग्न, पैसा, जमीन ह्या चार गोष्टींबद्दल असेल तर एकट्याने त्यावर पाऊल उचलायचं नाही, दोन-चार जाणत्या विश्वासणाऱ्यांना सांगायचं, आणि औषधाबद्दल असेल तर डॉक्टरला, देवाने बरं केलं असेल तर रिपोर्टमध्ये येईल की, देवाला रिपोर्टची भीती नाही. बोलणाऱ्याला विचारायचं की हे चुकलं तर तुम्ही काय म्हणाल, आणि तो रागावला तर उत्तर मिळालं. पौलालाच बघा, सोरमधल्या शिष्यांनी आत्म्याच्या प्रेरणेने त्याला सांगितलं यरुशलेमेला जाऊ नको, कैसरियात तर सगळे रडले, आणि तो गेला. इशारा खरा होता आणि निर्णय तरीही त्याचा त्याने घेतला.

आमच्या फेलोशिपमध्ये मावशीच्या प्रकरणानंतर एक वही केलीय. कुणी काही सांगितलं की तारीख घालून त्यात लिहायचं, कुणी पारखलं त्यांची नावं खाली, आणि नंतर काय झालं तेही. त्यात बरोबर निघालेल्या गोष्टी आहेत आणि चुकलेल्याही आहेत, आणि ज्यांचं चुकलं त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून तसं सांगितलं. ओळखीच्या एका रिटायर्ड पाळकसाहेबांना, जे पक्के थांबलं म्हणणारे आहेत, ती वही मी दाखवली. त्यांनी सगळी वाचली आणि म्हणाले, "चांगलं करताय, खरं एक सांग, यशयाची अशी वही कुणी ठेवली होती काय? चुकतंय तर त्याला भविष्यवाणी का म्हणायची?" मी त्यांना म्हटलं, साहेब, यशयाची नाही ठेवली, पण करिंथच्या लोकांना पौलाने पारखायला सांगितलं ते काहीतरी चुकत होतं म्हणूनच ना. ते म्हणाले, पारखायचं ते माणूस खरा की खोटा ते, बोलण्यातलं अर्धं-अर्धं निवडायला नव्हे. ह्यावर माझ्याकडे अगब आहे आणि त्यांच्याकडे २८:१७ आहे, आम्ही अजून तिथेच आहोत, आणि मावशीची सुई चालू ठेवायची ह्यावर मात्र आमचं दोघांचं पहिल्या मिनिटापासून एकमत होतं.